खिडकी घासण्याआधी: बेळगाव भागातल्या जुन्या घरात शिसं कसं शोधावं

शहापुरातल्या आमच्या घराच्या सोप्याला एक मोठी खिडकी आहे. झडप उघडली की चौकटीच्या खाचेत हिरवट पीठ साचलेलं दिसायचं. आई ते फडक्यानं पुसायची आणि फडकं अंगणात झटकायची. भावाच्या लग्नाआधी रंगकाम काढलं, तेव्हा पेंटरमामा पॉलिश पेपर घेऊन बसले. "अक्का, जुना रंग खरवडल्याशिवाय नवा धरत नाही बघा," म्हणाले, आणि चार दिवस घरभर धुरळा उडाला. भाची तेव्हा अकरा महिन्यांची. सगळ्या घरभर रांगायची. पुढं तिचं हिमोग्लोबिन काही केल्या वाढेना, तेव्हा एका डॉक्टरांनी विचारलं, "घरात एवढ्यात रंगकाम झालंय का?" रक्त तपासलं, आणि त्यात शिसं निघालं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुनी घरं भरपूर आहेत, आणि सणाआधी, लग्नाआधी ती घासून रंगवायची रीत घरोघरी आहे. चौकटीवर घट्ट बसलेला जुना रंग फारसा त्रास देत नाही. तोच कोरडा घासला की त्याचं पीठ होतं, ते जमिनीवर बसतं आणि रांगणाऱ्या पोराच्या हातातून तोंडात जातं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा चार ते पाच पट जास्त शोषून घेतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा घाव वाढत्या मेंदूवर बसतो, आणि बहुतेक वेळा वरून काहीच दिसत नाही. म्हणून आधी तपासणी, मग घासणं. हा क्रम कुणासाठीही मोडू नका.

कोणतं घर 'जुनं' धरायचं?

पणजोबांचा वाडा किंवा कॅम्पातला ब्रिटिश काळातला बंगलाच जुना, असं समजू नका. पूर्वी पेंटर सफेदा आणि जवसाचं तेल कालवून रंग बनवायचे. त्यातला अस्सल सफेदा म्हणजे शिशाचाच क्षार. पुढं डब्यातले ऑइल पेंट आले, तरी पिवळ्या, नारिंगी, हिरव्या रंगछटांसाठी शिशाचं क्रोमेट वापरात राहिलं, आणि रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगं घालत. अमेरिकेनं घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी घातली. आपल्याकडं घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१६ ला जाहीर झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यामुळं आपल्या हिशेबात २०१७ पूर्वी ज्या दारा-खिडकीला ऑइल पेंट लागला, ते दार संशयित. २००५ साली बांधलेल्या कॉलनीतल्या घराचं ग्रिलसुद्धा त्यात आलं.

चुन्याच्या भिंतीची काळजी सहसा करावी लागत नाही. सगळा भर लाकडावर, लोखंडावर आणि ऑइल पेंटच्या पट्ट्यावर द्या. स्वयंपाकघरात, जिन्यात कमरेएवढ्या उंचीपर्यंत तो पट्टा हमखास असतो.

वही घ्या आणि घर फिरा

पहिल्या दिवशी काहीच विकत आणू नका. घराचा कच्चा नकाशा काढा, प्रत्येक दाराला, खिडकीला नंबर द्या आणि घरातल्या जुन्या माणसांना विचारा: इथं आधी कोणता रंग होता, शेवटचं कधी घासलं, हे ग्रिल कधी बसवलं? आमच्या आत्याला पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या दाराचा रंग आठवत होता. ती म्हणाली तोच नारिंगी थर पुढं तळाशी सापडला.

पाहायचं काय? जिथं रंगावर रंग घासतो ती जागा सर्वांत आधी. खिडकीच्या झडपा, चौकटीची खाच, दाराची बिजागरीकडची कड, उंबरा, जिन्याचा कठडा. खानापूरकडं पावसाळ्यात लाकूड एवढं फुगतं की झडप जोर लावून ओढावी लागते. त्या प्रत्येक ओढीला रंगाचं पीठ पडतं. त्यानंतर गळक्या कौलांखालचे पोपडे, आणि मगरीच्या पाठीसारखे चौकोनी खवले पडलेला जाड रंग. मूल उभं राहून जिथं तोंड लावतं ती खिडकीची कड वेगळी लिहून ठेवा. तिच्यावर दातांचे व्रण दिसतात का ते बोटानं चाचपून पाहा.

लोखंडी गजांवर तळाशी केशरी-लाल प्रायमर दिसला, तर तो दोन प्रकारचा असू शकतो. रेड ऑक्साईड हा लोहाचा, त्यात शिसं असलंच पाहिजे असं नाही. रेड लेड मात्र थेट शिशाचाच. आपला पारंपरिक शेंदूर तोच. डोळ्यांनी हा फरक कळत नाही.

घरच्या घरी: स्वॅब किट

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वॅब किटमधला रोडिझोनेट या रसायनाचा बोळा शिशाला लागला की गुलाबी-लाल होतो. काही किटमध्ये सल्फाईड असतं, ते काळं पडतं. किट वापरताना बहुतेक जण वरच्या थरावर बोळा फिरवतात आणि 'काही नाही' म्हणून निश्चिंत होतात. वरचा थर तर तुम्ही गेल्या दिवाळीला दिलेला असतो. धारदार ब्लेडनं तिरका छेद द्या, तळाच्या लाकडापर्यंत. आमच्या खिडकीला छेद दिला तेव्हा नखाएवढ्या जागेत चार पट्टे दिसले: वर क्रीम, त्याखाली आकाशी, मग गर्द हिरवा आणि लाकडाला चिकटून नारिंगी. बोळा ओला करून त्या चारही पट्ट्यांवर अर्धा मिनिट घासला. हिरव्याशी तो लगेच गुलाबी झाला. पिवळ्या-नारिंगी थरातलं क्रोमेट सावकाश रंग दाखवतं, म्हणून तो बोळा लगेच टाकू नका. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा बघा.

किटच्या उणिवाही माहीत हव्यात. लाल रंगावर बोळा नुसत्या रंगद्रव्यानं लाल होतो. जिप्समच्या गिलाव्याची धूळ लागली तर रोडिझोनेट फसतं आणि शिसं असूनही दिसत नाही. सल्फाईडचं किट गडद रंगावर निरुपयोगी, आणि ते इतर काही धातूंनीही काळं होतं. माझं मत सरळ आहे: बोळा लाल झाला तर विश्वास ठेवा आणि घासणं थांबवा. नाही झाला, तर त्यावर घराचा निकाल लावू नका.

रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत

खात्रीचं उत्तर प्रयोगशाळाच देते. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली लॅब शोधा आणि फोनवर नेमकं विचारा: "जुन्या रंगाच्या पोपड्यातलं एकूण शिसं एएएस किंवा आयसीपी पद्धतीनं काढता का? नमुना किती लागेल? निकाल पीपीएममध्ये द्याल का?" आपल्या भागातून कोल्हापूर, हुबळी-धारवाड, गोवा, पुणे, बंगळूरु सगळीकडं कुरियर जातं, त्यामुळं गावातच लॅब हवी असा हट्ट नको.

नमुना घेताना खाली प्लास्टिक अंथरा. मूल आणि गरोदर बाई त्या खोलीत नको. जागेवर पाण्याचा हलका फवारा मारा आणि साधारण इंचभर लांबी-रुंदीचा तुकडा सगळ्या थरांसकट उचला. लाकूड त्यात कमीत कमी यावं. लाकूड जास्त आलं तर वजन वाढतं आणि शिशाचा आकडा खोटा कमी दिसतो. प्रत्येक जागेचा तुकडा वेगळ्या झिपच्या पिशवीत, वर नकाशातला नंबर. छेदाच्या जागी लगेच चिकटपट्टी लावून टाका.

अहवाल वाचताना गफलत इथंच होते. ९० पीपीएम ही नव्या रंगाच्या डब्याची मर्यादा आहे. भिंतीवरच्या जुन्या रंगाला अमेरिकेत 'शिशाचा रंग' म्हणतात तो वजनाच्या ०.५ टक्के, म्हणजे ५,००० पीपीएमपासून. अहवालात टक्के असतील तर १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम, हे गणित वहीत लिहून ठेवा. आणि ५,०००च्या खाली आला म्हणून कोरडा घासायला मोकळीक मिळाली असं नाही. २,००० पीपीएमच्या रंगाचं पीठसुद्धा पोराच्या पोटात जायला नको.

सराफ बाजारात सोनं तपासायचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) असतं, उद्यमबागेतल्या फाउंड्री-भंगाराच्या धंद्यात हातात धरायची एक्सआरएफ गनही दिसते. त्यावर रंग तपासून मिळेल का, असं मला बरेच जण विचारतात. पितळी नळात शिसं आहे का, हे धातूसाठी बसवलेली गन सांगू शकेल. रंगासाठी तिची जुळणी वेगळी लागते. सोन्यासाठी लावलेल्या यंत्रानं रंगाचा आकडा दिला तरी तो धरू नका.

धूळ: लहान मूल असेल तर पैसे इथं खर्च करा

रंगाचा तुकडा सांगतो की लाकडावर काय आहे. धुळीचा नमुना सांगतो की मुलाच्या तोंडात काय जातंय. हातात दोन-तीन चाचण्यांपुरतेच पैसे असतील तर मी डोळे झाकून धूळ तपासीन.

याला वाइप टेस्ट म्हणतात. घर नुकतं पुसून काढल्यावर नमुना घेऊ नका, रोज जसं असतं तसं असू द्या. मूल खेळतं तिथली जमीन, झोपायच्या खोलीतली खिडकीची आतली कड आणि त्याच खिडकीची खाच, या तीन जागा पुरेत. जमिनीवर चिकटपट्टीनं ३० सेंटीमीटर बाय ३० सेंटीमीटरचा चौकोन आखा. हा जवळजवळ एक चौरस फूट होतो. हातमोजे घाला. अल्कोहोल आणि सुगंध नसलेला ओला वाइप घ्या, आणि कोणता चालेल ते लॅबलाच आधी विचारा. चौकोनात डावीकडून उजवीकडं नागमोडी पुसत खाली या. वाइपची मळकी बाजू आत घडी करा आणि आता वरून खाली तसंच पुसा. पुन्हा घडी घाला आणि कडा-कोपरे पुसून घ्या. वाइप झाकणाच्या कडक डबीत ठेवा. पिशवीत ठेवला तर धूळ पिशवीलाच चिकटून राहते. पुढच्या जागेला नवे मोजे, नवा वाइप. शिवाय कुठंही न वापरलेला एक कोरा वाइप वेगळ्या डबीत पाठवा, म्हणजे वाइपमध्येच शिसं नाही ना, हे कळतं.

खिडकीची कड किंवा खाच चौरस नसते. तिची लांबी-रुंदी मोजून लिहा. लॅबनं आकडा 'प्रति वाइप मायक्रोग्रॅम' असा दिला, तर तो क्षेत्रफळानं भागून चौरस फुटाला किती पडतं ते काढा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०२४ मध्ये काम झाल्यानंतरच्या सफाईसाठी ठरवलेल्या पातळ्या चौरस फुटाला अशा: जमीन ५ मायक्रोग्रॅम, खिडकीची कड ४०, खाच १००. पाच मायक्रोग्रॅम म्हणजे साखरेच्या एका दाण्याचासुद्धा बारीकसा अंश. डोळ्यांना स्वच्छ दिसणारी जमीन यात नापास होऊ शकते.

पाणी आणि माती

पाण्यात शिसं येतं ते बहुतेक वेळा घरातल्याच जोडणीतून: जुना पितळी नळ, डाग दिलेले सांधे, जुना पीव्हीसी पाइप. पीव्हीसी पाइपमध्ये शिशाचा स्थिरक वापरत, त्यावरचे नियम २०२१ मध्ये आले. त्यामुळं राकसकोप-हिडकल धरणांचं पाणी चांगलं आहे म्हणून तुमच्या नळाचंही चांगलं, असा अर्थ निघत नाही. रात्री झोपताना स्वयंपाकघराचा नळ बंद करा आणि सकाळी, किमान सहा तासांनी, पहिलंच पाणी एक लिटरच्या लॅबच्या बाटलीत धरा. मग तीन-चार मिनिटं पाणी सोडून दुसरी बाटली. पहिलीत जास्त आणि दुसरीत कमी आलं तर दोष नळात किंवा जवळच्या पाइपात. आपल्याकडं बऱ्याच गल्ल्यांत पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतं, तिथं टाकीवर जोडलेला पिण्याचा नळ तपासा. भारतीय मानक आयएस १०५०० ची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजेच १० मायक्रोग्रॅम. जलजीवन मिशनखालच्या सरकारी प्रयोगशाळांत लोकांना माफक शुल्कात पाणी तपासून मिळतं, फक्त त्या प्रयोगशाळेत शिसं मोजतात का ते आधी विचारा. नेहमीच्या तपासणीत क्षार, फ्लोराईड, जंतू असतात, शिसं असेलच असं नाही. आणि एक: पाणी उकळून शिसं जात नाही. पाणी आटतं, तसं त्याचं प्रमाण वाढतं.

मातीचं थोडक्यात. पागोळ्या पडतात त्या रेषेतली आणि खिडकीखालची वरची बोटभर माती पाच-सहा ठिकाणांहून घ्या, एकत्र मिसळा, वाळवून पाठवा. मुलं खेळणाऱ्या अंगणासाठी २०० पीपीएम हा अमेरिकेतला सावधतेचा आकडा आहे. रस्त्याला लागून घर असेल तर २००० सालापर्यंतच्या शिसेयुक्त पेट्रोलचा अंशही त्या मातीत असू शकतो. परड्यात मेथी-कोथिंबीर पेरत असाल तर वाफे पागोळ्यांपासून लांब न्या.

घराच्या आतले दोन छुपे वाटेकरी

देवघरातल्या मारुतीला शेंदूर असेल तर पुडीवर काय लिहिलंय ते बघा, आणि मुलाचा हात तिथं पोहोचू देऊ नका. श्रद्धेला यानं धक्का लागत नाही. देव थोडा उंचावर ठेवला की झालं.

दुसरी कल्हई. कल्हईला शुद्ध कथील लागतं. कथील महाग, म्हणून शिसं मिसळलेला धातू वापरला जाण्याचा धोका असतो, आणि त्या भांड्यात चिंचेची आमटी किंवा कट उकळला की आंबटानं शिसं उतरतं. कल्हईवाल्याच्या कांडीचा तुकडा मागून घ्या आणि रंगाच्या तुकड्याबरोबरच लॅबला पाठवा. उद्यमबागेतल्या त्या गनचा खरा उपयोग इथं होईल.

मुलाचं रक्त

घरात सहा वर्षांखालचं मूल असेल आणि रंगकाम होऊन गेलं असेल, तर घराच्या अहवालाची वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांना 'ब्लड लेड' असं स्पष्ट शब्दांत सांगा. बिम्ससारख्या सरकारी रुग्णालयात किंवा खासगीतही ही चाचणी नेहमीच्या यादीत नसते, लिहून मागावी लागते. बोटातून रक्त घेणार असतील तर आधी मुलाचे हात साबणानं धुवा, कारण बोटावरची धूळ मिसळली तर आकडा फुगतो. तो जास्त आला की शिरेतल्या रक्तावर खात्री करतात. जागतिक आरोग्य संघटना डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आल्यावर शिशाचा स्रोत शोधून बंद करायला सांगते, अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी ३.५ पासूनच लक्ष घालते. सुरक्षित म्हणावी अशी पातळी सापडलेली नाही. शिसं बाहेर काढणारी औषधं साधारण ४५ च्या पुढं, रुग्णालयात देतात. त्याखाली उपचार म्हणजे स्रोत तोडणं, आणि लोह-कॅल्शियमचा आहार. अंगात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. नाचणीची आंबील, पालेभाजी, वर लिंबू, हे आपल्या घरात आहेच.

शिसं निघालं, आता पेंटरमामांना काय सांगायचं?

घट्ट बसलेला रंग असेल तर तो काढूच नका. ओल्या फडक्यानं पुसून वरून नवा रंग द्या. नव्या डब्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत असल्याचं आणि उत्पादनाचं वर्ष वाचून घ्या. ग्रिलसाठी 'मजबूत असतो' म्हणून मशिनरीचा इंडस्ट्रियल पेंट कुणी सुचवील. तो घरात नको, कारण २०१६ चे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते आहेत.

खवले निघत असतील तर फक्त ओलं खरवडायचं. पाण्याचा फवारा मारत, खाली जाड प्लास्टिक, खोलीचं दार प्लास्टिकनं बंद, गादी-कपडे बाहेर. ब्लो लॅम्पनं रंग जाळणं पूर्ण बंद, त्यातून शिशाची वाफ निघते. यंत्राचं सँडर नको. मास्क कापडी चालत नाही, एन ९५ किंवा त्याहून वरचा हवा. पेंटरचीही मुलं घरी असतात. त्याच धुळीच्या कपड्यांवर तो त्यांना उचलून घेणार असतो. आमच्या मामांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वीस वर्षं झाली ओ अक्का, हेच करतोय. कोण सांगितलंच नाही." आता ते कामावर कपड्यांचा दुसरा जोड नेतात आणि हात-तोंड धुतल्याशिवाय चहालासुद्धा बसत नाहीत.

घासणारी खिडकी वारंवार पीठ पाडत असेल तर झडपा रंधून रंग काढण्याच्या फंदात न पडता झडपाच बदला. जुनं लाकूड पाणी तापवायच्या चुलीत घालू नका. रंगीत लाकूड जाळलं की शिसं धुरात आणि राखेत उतरतं, आणि ती राख पुढं भांडी घासायला किंवा झाडांना जाते.

रोजच्या सफाईत केरसुणी बाजूला ठेवा. ओलं फडकं, दोन बादल्या: एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. फडकं अंगणात झटकायचं नाही. आईला ही एक सवय मोडायला सर्वांत जास्त दिवस लागले.

काम संपल्यावर घर दोनदा ओलं पुसा, एक दिवस जाऊ द्या, मग त्याच तीन जागांचे वाइप पुन्हा लॅबला पाठवा. आमच्याकडं पहिल्या वेळी जमीन कसोटीला उतरली, खाच उतरली नाही. पुन्हा धुतली, पुन्हा वाइप पाठवला. तो अहवाल येईपर्यंत भाची आजोळीच, वडगावात राहिली.